तंगी : व्यापाऱ्याची खरी तालीम



उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण आणि मराठीत 'तालीम' म्हणजे पहिलवानांचा आखाडा. माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले, त्यामुळे लहानपणी तालमीची पाटी पाहून मला वाटायचे की आत मुले सबक गिरवीत बसली असतील. एके दिवशी डोकावून पाहिले तर एका पोराने दुसऱ्याला मातीत चीत केले होते आणि वस्ताद पडलेल्याला समजावीत होते की तुझा पाय कोठे चुकला. पुढे कापडाच्या धंद्यात पडल्यावर कळले की या दोन अर्थांत फारसे अंतर नाही. पडल्याशिवाय पहिलवान तयार होत नाही, हे खरे. परंतु नुसता पडूनही तो तयार होत नाही. पाय कोठे चुकला हे ज्याला कळते तोच पुढच्या कुस्तीत उभा राहतो.

"संकट माणसाला घडवते" असे आपण सर्रास बोलतो. पण आपल्याच बाजारात डोळे उघडे ठेवून पाहा. एकाच मंदीत शेजारी-शेजारी दोन दुकानदार सापडतात. चार वर्षांनी त्यांतील एक अधिक सावध, अधिक सच्चा आणि दुसऱ्याच्या अडचणीत धावून जाणारा झालेला असतो. दुसरा मात्र कडवट होतो, वायदे मोडतो आणि प्रत्येकाकडे संशयाने पाहतो. मंदी दोघांवर सारखीच आली होती. मग फरक कोठे पडला? माझ्या अनुभवाचे उत्तर असे आहे की, संकट कोणाला घडवत नाही. संकटात जो आपला हिशोब उघडतो तोच घडतो. हा हिशोब पैशाचाही असतो आणि स्वतःचाही. या लेखात आपण दोन जुनी उदाहरणे आणि एक घरचे उदाहरण घेऊन हा धडा समजून घेऊ.

मदीनेच्या बाजारातील मुहाजिर

हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) हे मक्केतील व्यापारी. इ.स. 622 मध्ये हिजरत झाली तेव्हा मक्केतील घरदार व व्यापार मागे टाकून ते मदीनेत आले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मुहाजिर आणि अन्सार यांच्यात भाईचारा जोडून दिला, त्यात त्यांची जोडी हजरत सअद बिन रबीअ (रजि.) यांच्याशी लागली. हजरत सअद हे मदीनेतील सधन गृहस्थ होते. त्यांनी आपल्या मालमत्तेचा निम्मा हिस्सा या नव्या भावापुढे ठेवला. हजरत अब्दुर्रहमान यांनी त्यांच्या घराला व मालाला बरकतीची दुआ दिली आणि एवढेच विचारले की, इथला बाजार कोठे भरतो?

त्यांना बनू कैनुकाच्या बाजाराचा रस्ता दाखविण्यात आला. ते गेले, सौदे केले आणि संध्याकाळी नफा म्हणून थोडे सुके पनीर व थोडे तूप घेऊन परतले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, आणि रोज जात राहिले. काही दिवसांनी त्यांच्या अंगावर केशरी रंगाचा डाग दिसला तेव्हा प्रेषितांनी (स.) विचारपूस केली. त्यांचा निकाह झाला होता आणि मेहर म्हणून त्यांनी खजुराच्या बीएवढ्या वजनाचे सोने दिले होते. प्रेषितांनी (स.) त्यांना एका बकरीचा का होईना पण वलीमा करण्यास सांगितले. हदीसच्या ग्रंथांत ही हकीकत व्यापाराच्या प्रकरणात आली आहे, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

यातून आपण काय घ्यावे? निम्मी मालमत्ता घेण्यात त्यांच्यावर कोणता दोष येणार नव्हता; देणारा मनापासून देत होता. परंतु मक्केत सर्वस्व गेले तरी एक गोष्ट कोणी हिरावून घेतली नव्हती, ती म्हणजे भाव ओळखण्याची नजर आणि खरे बोलण्याची सवय. त्यांनी हिशोब केला की माझ्याजवळ काय उरले आहे, आणि जे उरले होते ते घेऊन बाजारात गेले. पहिल्या दिवशी पनीर-तुपाएवढाच नफा झाला याचीही त्यांना लाज वाटली नाही. आपल्यातील किती जण मोठे दुकान गेल्यावर छोट्या दुकानात बसायला लाजतात! "लोक काय म्हणतील" या विचाराने दुकान बंद ठेवून घरी बसतात आणि उरलेले भांडवल खाऊन टाकतात.

मुहाजिरांची ही गोष्ट आपल्या विणकरांच्या गावांना परकी नाही. 1857 नंतरच्या काळात उत्तर हिंदुस्थानातील विणकर कुटुंबे आग्रा रस्त्याने दक्षिणेकडे उतरली आणि मालेगाव, भिवंडी अशा गावांत वसली. घर सुटले, गाव सुटले. पण धोटा चालविणारा हात सोबत आला. त्या हातावर हातमागाची गावे उभी राहिली. पुढे वीज आली आणि यंत्रमाग आले तेव्हा हातमागाची रोजी धोक्यात आली. ज्यांनी नव्या यंत्राची भाषा शिकून घेतली त्यांच्याच घरांत आजचे कारखाने आहेत.

घोंगडी, वाटी आणि कुऱ्हाड

दुसरे उदाहरण अबू दाऊद यांच्या हदीस संग्रहातील आहे. अन्सारपैकी एक गरजू मनुष्य प्रेषितांकडे (स.) मागायला आला. त्याला विचारण्यात आले की घरात काही आहे का? त्याच्याकडे दोनच वस्तू होत्या : एक जाडेभरडे वस्त्र, जे अर्धे पांघरायचे आणि अर्धे अंथरायचे, आणि पाणी पिण्याचे एक भांडे. प्रेषितांनी (स.) त्या वस्तू मागवून स्वतः त्यांचा लिलाव केला. एकाने एक दिरहम बोली लावली. आणखी कोण देतो असे विचारल्यावर दुसऱ्याने दोन दिरहम दिले. त्यांपैकी एका दिरहमचे घरच्यांसाठी धान्य घ्यायला सांगितले आणि दुसऱ्याची कुऱ्हाड आणायला सांगितली. कुऱ्हाडीला दांडा प्रेषितांनी (स.) आपल्या हाताने बसवून दिला आणि सांगितले की, जा, लाकडे तोडून विक आणि पंधरा दिवस मला दिसू नकोस. तो मनुष्य परतला तेव्हा त्याने दहा दिरहम कमावले होते. काहींचे कपडे व काहींचे धान्य घेतले होते.

धंद्याचा कोणता वर्ग यापेक्षा जास्त शिकवील? पहिला प्रश्न "तुझे किती गेले" असा नव्हता. "तुझ्याकडे काय आहे" असा होता. म्हणजे शिल्लक मालाची मोजणी. दुसरी गोष्ट अशी की दोन दिरहमचे सरळ दोन भाग झाले. एक घरखर्च, दुसरा हत्यार. घराची भूक विसरली गेली नाही, पण सगळे पैसे भुकेवरही गेले नाहीत. तिसरी गोष्ट, मुदत ठरली : पंधरा दिवस. आणि चौथी, ज्याच्याकडे मदत मागितली त्याने मदत नाकारली नाही. आपल्या हाताने दांडा बसवून दिला. जमातीतील सधन लोकांनी हा शेवटचा भाग वारंवार वाचावा. "मेहनत कर" असा उपदेश करणे सोपे आहे, कुऱ्हाडीला दांडा बसवून देणे हे खरे काम आहे.

माझा स्वतःचा धडा

आता घरचे उदाहरण सांगतो. सांगताना लाज वाटते, परंतु ज्या धड्याची फी आपण भरली तो दुसऱ्याला फुकट मिळावा, एवढाच हेतू आहे.

माझा धंदा सूत घेऊन मजुरीवर कापड विणून घेण्याचा आणि ग्रे माल बाहेर पाठविण्याचा. 2018 च्या उन्हाळ्यात परराज्यातील एक जुनी पार्टी बसली. अनेक वर्षांचा व्यवहार होता. आधी 60 दिवसांची उधारी होती, ती 90 झाली, मग 120 झाली. मी गप्प राहिलो, कारण ऑर्डर मोठी होती आणि मोठ्या ऑर्डरचा मला अभिमान होता. माझे साडेअकरा लाख रुपये त्या एका घरात अडकले. त्यापूर्वी त्यांचा एक चेक परत आला होता. बँकेने दिलेली इंग्रजी चिठ्ठी मी न वाचताच गल्ल्याच्या खणात टाकली. पार्टी फोनवर म्हणाली, "पुढच्या महिन्यात टाका," आणि मी मान डोलावली. चेक परत आल्याची माहिती मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, हे मला ठाऊक नव्हते. ठाऊक झाले तेव्हा मुदत केव्हाच उलटून गेली होती आणि चेकही तीन महिन्यांहून जुना झाला होता.

त्यानंतरचे दोन महिने मी जे केले ते सांगण्यासारखे नाही, म्हणूनच सांगतो. घरात बोललो की सगळे ठीक आहे. सूत देणाऱ्या सेठजींचे दुकान रस्त्यात लागते म्हणून मागच्या गल्लीतून मशिदीत जाऊ लागलो. याची टोपी त्याच्या डोक्यावर घालून दिवस काढले. सायझिंगवाल्याला सोमवारचा वायदा, विणकराला गुरुवारचा. आणि दोन्ही वायदे करताना ते खोटे आहेत हे मला माहीत होते. प्रेषित (स.) कर्जापासून अल्लाहचा आश्रय फार मागत असत. कोणी कारण विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की कर्जात बुडालेला मनुष्य बोलतो तेव्हा खोटे बोलतो आणि वायदा करतो तेव्हा मोडतो. ही हदीस मी लहानपणी पाठ केली होती. तिचा अर्थ मला त्या मागच्या गल्लीत कळला.

शेवटी शेकडा तीन रुपये महिना व्याजाने पैसा उचलण्यापर्यंत वेळ आली. मध्यस्थ दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन येणार होता. त्याच संध्याकाळी ते सूत देणारे वयोवृद्ध सेठजी स्वतः माझ्या दुकानाची पायरी चढले. मी उठून उभा राहिलो. ते बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "भाईसाहेब, तुम्ही रस्ता का बदलला? पैसे द्यायचे आहेत म्हणून माणूस शत्रू होतो का?" मी पार्टीचे रडगाणे सुरू केले. त्यांनी हात वर करून थांबविले. "तुमचे कोणाकडे किती अडकले ते मी विचारत नाही. तुम्ही सगळ्यांचे मिळून किती देणे लागता, तो आकडा सांगा."

आणि बंधूंनो, मला तो आकडा सांगता आला नाही. तीस वर्षे धंदा केलेल्या माणसाला आपले देणे किती हे माहीत नव्हते! सेठजी म्हणाले, "तीन दिवसांनी येतो. कागदावर लिहून ठेवा. मग बोलू."

तीन रात्री मी वह्या, चिठ्ठ्या आणि खिशातले कागद घेऊन बसलो. जे समोर आले ते पार्टीच्या दगाबाजीपेक्षा वेगळे होते. येणे सुमारे सतरा लाख, आणि त्यातील दोन तृतीयांश एकाच घरात. सुताचे पैसे मी 30 दिवसांत देत होतो आणि कापडाचे पैसे 120 दिवसांनी घेत होतो. मधले 90 दिवस मी दुसऱ्यांच्या पैशावर चाललो होतो. घरखर्च आणि दुकानाचा गल्ला एकच होता. दोन वर्षांत विक्री वाढली होती, नफा मात्र नव्हता. पार्टी बुडाली नसती तरी मी बुडण्याच्याच वाटेवर होतो. तिने फक्त तारीख अलीकडे आणली. चांगल्या दिवसांनी जे झाकून ठेवले होते ते वाईट दिवसांनी उघडून दाखविले.

व्याजाचा मध्यस्थ आला तेव्हा त्याला चहा पाजून परत पाठविले. सेठजींना कागद दाखविला. त्यांचे देणे दरमहा हप्त्याने फेडण्याचे ठरले आणि ते 14 महिन्यांत फिटले. सायझिंगवाले व विणकर यांच्याकडेही मी कागद घेऊन गेलो. एकाने कडक शब्द ऐकवले. तो त्याचा हक्क होता. बाकीच्यांनी वेळ दिला. बुडालेल्या पैशांपैकी मला सुमारे दोन लाखच परत मिळाले. उरलेले गेले ते गेलेच. आजही माझी विक्री त्या काळापेक्षा कमी आहे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण संकटातून वाढ झाली म्हणजे धंदा दुप्पट झाला, अशी आपली समजूत असते. माझ्या बाबतीत धंदा लहान झाला. झोप मात्र परत आली.

वाढ झाली ती आणखी एका ठिकाणी. इंग्रजी कागद खणात टाकण्याची सवय मला साडेनऊ लाखांना पडली होती. माझी मुलगी तेव्हा दहावीत होती. इशाच्या नमाजनंतर ती मला रोज एक कागद वाचायला लावू लागली : कधी बँकेची चिठ्ठी, कधी जीएसटीचे रिटर्न, कधी मराठीतील सरकारी नोटीस. मी अडखळलो की ती हसायची आणि मी चिडायचो. पण वर्षभरात मी स्वतःचे कागद स्वतः वाचू लागलो. माल घेणाऱ्याने बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पैसे चुकते केले नाहीत तर त्याने घेतलेले जीएसटीचे क्रेडिट त्याला परत करावे लागते, ही गोष्ट मला त्या अभ्यासात कळली. आता पार्टी टाळाटाळ करू लागली की मी भांडत नाही. शांतपणे तारीख दाखवतो.

सब्र म्हणजे हात बांधून बसणे नव्हे

आपल्याकडे कोणाचा धंदा बसला की लोक म्हणतात, "सब्र करा." म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो, परंतु ऐकणारा त्याचा अर्थ "गप्प बसा" असा घेतो. सब्र म्हणजे पाय रोवून उभे राहणे. घाबरून हराम दाराकडे न पळणे आणि निराश होऊन हलाल दार बंद न करणे, या दोहोंचे नाव सब्र आहे.

सूरह इनशिराहमध्ये दोन वेळा सांगितले आहे की कठीणपणाच्या सोबत सुलभता ठेवलेली आहे. उलेमा लक्ष वेधतात की तेथे "नंतर" असे नाही, "सोबत" असे आहे. मला याचा अर्थ धंद्याच्या भाषेत असा उमगला की सुटकेची वाट अडचणीच्या आतच असते. ज्या वहीची भीती वाटते त्या वहीतच ती लिहिलेली असते. आणि लगेच पुढे मेहनतीला लागण्याची ताकीदही आहे.

दिव्य कुरआनातील सर्वांत लांब आयत कोणत्या विषयावर आहे? सूरह बकरहची 282 वी आयत, आणि विषय आहे उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा. मुदत ठरवा, लिहा, साक्षीदार ठेवा आणि रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय आहे. तिच्या जरा आधी, 280 व्या आयतीत, कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड मिळेपर्यंत मुदत द्यावी आणि माफ केले तर ते अधिक चांगले, अशी शिकवण आहे. लिहिण्याची सक्ती आणि वसुलीतील नरमी या दोन गोष्टी शेजारी-शेजारी आहेत. आपण मात्र उलटे करतो. देताना शरमेने लिहीत नाही आणि वसूल करताना नाते विसरून भांडतो.

आपले संकट खाली ढकलू नका

एक इशारा देणे आवश्यक आहे. "संकटातून माणूस मोठा होतो" हे वाक्य मालकाने मजुराला ऐकविण्यासाठी नाही. ज्याची आठवड्याची मजुरी थांबली त्याच्याकडे उघडायला वही नसते. त्याच्या घरी चूल थांबते. इस्लामने संकट मागायला शिकविलेले नाही. आफियत, म्हणजे सुखरूपता, मागायला शिकविले आहे. संकट आलेच तर काय करावे, एवढाच हा धडा आहे.

25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. लूम थांबले. 25 एप्रिलला रमजान सुरू झाला आणि 25 मेला ईद झाली, म्हणजे कापडवाल्याचा वर्षाचा मुख्य हंगाम संपूर्ण बंद दुकानामागे गेला. त्या वेळी आपल्या धंद्यात दोन प्रकारची माणसे दिसली. काहींनी वर अडकलेल्या पैशाचे कारण सांगून खालच्या विणकराची झालेल्या कामाची मजुरीही रोखली. काहींनी गोदामातील तागे पडेल त्या भावाने विकले, पण केलेल्या कामाचे पैसे दिले. घाम सुकण्यापूर्वी मजुरी देण्याची शिकवण आपण मशिदीत ऐकतो. तिची परीक्षा चांगल्या हंगामात होत नाही, अशा वेळी होते.

मी काही फार मोठे केले नाही. सेठजींनी जो कागद माझ्याकडून लिहून घेतला होता, तसाच कागद मी माझ्याकडून उधार माल नेणाऱ्या लहान दुकानदारांकडून लिहून घेतला आणि प्रत्येकाला त्याच्या ऐपतीप्रमाणे मुदत दिली. त्यांतील एकजण म्हणाला की तुमच्याकडे यायला मला भीती वाटत होती. मला मागची गल्ली आठवली. 2018 साल माझ्यावर आले नसते तर 2020 मध्ये मी त्याच्या दुकानावर माणूस पाठवून तमाशा केला असता, याची मला खात्री आहे.

या आठवड्यात करण्याची पाच कामे

वाचक बंधूंनो, धंदा चांगला चालत असो की मंद, पुढील पाच गोष्टी करून पाहा.

1. एका कागदावर आपले एकूण देणे, एकूण येणे आणि शिल्लक माल लिहा. आकडा पाहून भीती वाटली तरी लिहा. प्रत्येक महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी हा कागद नवा करा.

2. येण्याच्या यादीत सर्वांत मोठे नाव कोणते ते पाहा. एकाच पार्टीकडे तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त येणे असेल तर नवा माल पाठविण्यापूर्वी जुने मिटवा.

3. वायद्याची तारीख पाळता येणार नसेल तर तारखेच्या आधी स्वतः जाऊन सांगा. आधी सांगितलेली अडचण ही अडचण असते. नंतर सांगितलेली अडचण हा बहाणा ठरतो.

4. घरखर्चाची रक्कम ठरवा आणि गल्ल्यातून वेगळी काढा. कुऱ्हाडीचा दिरहम धान्यात जाऊ देऊ नका.

5. आपल्या धंद्याचा जो कागद वाचता येत नाही तो वाचायला शिका. विणकर व लहान कारखानदार बंधूंनी उद्यम नोंदणी करून घ्यावी; सरकारी पोर्टलवर ती विनामूल्य होते. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे अशा नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे माल घेणाऱ्याने लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, आणि जास्तीत जास्त 45 दिवसांत, तर लेखी करार नसल्यास 15 दिवसांत द्यायचे असतात. पैसे अडकल्यास सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या आमच्यासारख्या व्यापाऱ्यांना हे संरक्षण नाही. म्हणून आम्ही उधारी देताना दुप्पट सावध राहिले पाहिजे.

वाढीचे माप

शेवटी पुन्हा मदीनेकडे वळू. पनीर आणि तुपापासून सुरुवात केलेले हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) पुढे अत्यंत श्रीमंत झाले. एकदा त्यांचा रोजा होता आणि त्यांच्यापुढे जेवण मांडण्यात आले. त्यांना हजरत मुस्अब बिन उमैर (रजि.) यांची आठवण झाली, जे उहुदच्या लढाईत शहीद झाले होते. ते माझ्यापेक्षा चांगले होते, असे ते म्हणाले. त्यांच्या कफनाला एकच चादर मिळाली, तिने डोके झाकले तर पाय उघडे पडत आणि पाय झाकले तर डोके उघडे पडत असे. आपल्या चांगल्या कर्मांचे फळ येथेच तर दिले जात नाही ना, या भीतीने ते रडू लागले आणि जेवण तसेच राहिले. ज्यांनी त्यांना निम्मी मालमत्ता देऊ केली होती ते हजरत सअद बिन रबीअ (रजि.) हेही उहुदलाच शहीद झाले होते.

मी कापडाचा व्यापारी आहे. दिवसभर तागे मोजतो. ही हकीकत वाचली की मला त्या अपुऱ्या चादरीचे माप डोळ्यांसमोर येते. संकटाने त्यांना श्रीमंत केले, ही खरी वाढ नव्हती. श्रीमंती आल्यावरही ते ती अपुरी चादर विसरले नाहीत, ही खरी वाढ होती. तंगीचे दिवस सरल्यावर जो त्या दिवसांचा हिशोब जपून ठेवतो, त्याच्या दुकानात गरजू माणूस मागच्या गल्लीतून नव्हे, समोरच्या दाराने येतो.

अल्लाहतआला आपल्या सर्वांना हलाल रोजी देवो, कर्जाच्या ओझ्यापासून वाचवो, आणि तंगी आलीच तर तिच्यात हिशोब उघडण्याची हिंमत देवो. आमीन.